पाय रोवून : एका खेळाच्या क्लबची गोष्ट आणि आपलं अंगण

(गणेशोत्सवानिमित्त इंदरगंज, लष्कर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गजाननाच्या साक्षीनं आपण दरवर्षी एखादा विषय ऐकतो. कधी ज्ञानेश्वरी, कधी ग्वाल्हेर घराणं, कधी पानिपत. यंदा कार्यक्रमपत्रिकेत ‘पेटांक’ हा शब्द वाचून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दोघांनी तर मला विचारलंसुद्धा, की हा औषधाचा प्रकार आहे की मिठाईचा? तेव्हा आधीच सांगतो, हा एक खेळ आहे. फ्रान्समधला. आणि त्याच्या क्लबची गोष्ट मला इथे, या आवारात बसून सांगावीशी वाटली, कारण ती ऐकून झाल्यावर तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. ते शेवटी सांगेन.

आधी खेळ समजून घेऊ. जमिनीवर एक छोटं वर्तुळ आखायचं, हातभर रुंदीचंसुद्धा नाही, पस्तीस ते पन्नास सेंटिमीटर एवढं. त्यात दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं. समोर सहा ते दहा मीटरवर एक बोराएवढी लाकडी गोळी टाकायची. तिला फ्रेंच लोक लाडानं डुकराचं पिल्लू म्हणतात. मग दोन्ही बाजूंच्या गड्यांनी आपापले धातूचे गोळे त्या पिल्लाच्या जितके जवळ टाकता येतील तितके टाकायचे. एकेक गोळा ६५० ते ८०० ग्रॅमचा, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. कुणी अलगद गोळा सरपटत नेतो, कुणी दुसऱ्याचा गोळा नेम धरून उडवून लावतो. ज्याचा गोळा सर्वांत जवळ त्या बाजूला गुण. तेरा गुण आधी करील तो जिंकला. दोघं खेळा, दोनदोनच्या जोड्या करा, तीनतीनचे संघ करा. मैदान सपाट हवं असं नाही. हिरवळ नको, छप्पर नको. माती आणि खडी असली की झालं.

आपल्यापैकी जे लहानपणी गोट्या खेळले आहेत त्यांना यात परकं काहीच वाटणार नाही. गोटी मोठी झाली, गल गेली आणि तिच्या जागी पिल्लू आलं, एवढंच. नेम तोच. भांडणही तेच. ‘माझी जवळ’, ‘नाही, माझी जवळ’. फरक एवढाच, की त्यांच्याकडे मोजायला टेप असते आणि आपण वीत आणि चार बोटांवर भागवत होतो.

आता याचा जन्म कसा झाला ते ऐका. फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेयजवळ, समुद्रकाठी ला सिओता नावाचं गाव आहे. जहाजबांधणीचं गाव. सिनेमाच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल, कारण ल्युमिएर बंधूंच्या त्या प्रसिद्ध चित्रफितीत आगगाडी ज्या स्टेशनात येते, ते स्टेशन या गावाचं. तर या मुलुखात पूर्वीपासून गोळे फेकण्याचा एक खेळ होता. त्यात अंतर मोठं, पंधरा ते एकवीस मीटर. गोळा टाकण्याआधी काही पावलं पळत यायचं आणि मग फेकायचा. तरण्याबांड लोकांचा खेळ. गोळे तेव्हा लाकडी असत आणि त्यांना वजन यावं म्हणून वरून खिळे ठोकून मढवलेले असत.

या गावात ज्यूल लनुआर नावाचा एक गृहस्थ होता. खेळात चांगला. पुढे त्याला संधिवातानं धरलं. पळणं बंद झालं. चालणंही अवघड. मग तो काय करायचा? जे आपल्याकडे होतं तेच. खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसायचा आणि इतरांचा खेळ बघायचा. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेळला त्यांना टाळ्या वाजवायच्या. खेळणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

तिथे पितिओ नावाचे दोन भाऊ होते, कॅफे चालवणारे, ज्यांच्या आवारात हा खेळ चाले. त्यांतल्या एर्नेस्त पितिओनं एक साधी गोष्ट केली. त्यानं लनुआरला घरी पाठवलं नाही आणि दया म्हणून चार गोळे फेकूही दिले नाहीत. त्यानं खेळच बदलला. अंतर कमी केलं. पळत येणं काढून टाकलं. ठरवलं, की सगळ्यांनीच एका जागी, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहून फेकायचं. संधिवातवाल्यानंही आणि धडधाकटानंही. हा काळ १९०७ ते १९१० च्या दरम्यानचा. १९१० मध्ये याच गावात या नव्या खेळाची पहिली स्पर्धा झाली. खेळाचं नावही तिथूनच आलं. त्या भागातल्या जुन्या बोलीत ‘पे’ म्हणजे पाय आणि ‘टांक’ म्हणजे रोवलेला. पेटांक, म्हणजे पाय रोवून. आपला ‘पाय’ आणि त्यांचा ‘पे’ हे दूरचे भाऊच आहेत.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. बालमित्रांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या खेळात एखादं अगदी छोटं मूल आलं, कुणाचा तरी तीन-चार वर्षांचा भाऊ, आणि आई म्हणाली ‘यालाही घ्या रे’, तर तुमचे आजी-आजोबा काय करायचे, विचारा त्यांना. ते त्याला ‘कच्चं लिंबू’ करायचे. कच्चं लिंबू म्हणजे असा गडी, जो खेळात आहे, पळतो, ओरडतो, पण आउट झाला तरी आउट धरायचा नाही. त्याच्यावर राज्य यायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता, तरी साऱ्या महाराष्ट्रभर तो होता आणि आपल्या लष्करातल्या मराठी मोहल्ल्यांतही होता. त्यामागचा विचार एवढाच, की खेळायला आलेल्याला परत पाठवायचं नाही.

पितिओनं जे केलं त्यात आणि कच्च्या लिंबात एक बारीक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कच्चं लिंबू खेळात असतं, पण त्याच्या असण्यानं हारजीत ठरत नाही. त्या मुलाला हे थोड्या दिवसांनी कळतं आणि ते चिडतं. पितिओनं लनुआरला कच्चं लिंबू केलं नाही. त्यानं असा नियम केला, की लनुआर खरोखर जिंकू शकेल आणि खरोखर हरूही शकेल. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला हवं असतं ते हेच. त्याला कुणी मुद्दाम जिंकवलेलं नको असतं. त्याला बरोबरीनं डाव हवा असतो.

एवढं सगळं एका कॅफेच्या आवारात झालं. तिथेच राहिलं असतं तर आज मी तुम्हाला ते सांगू शकलो नसतो. पुढची पायरी क्लबची. गावोगावच्या आवारांत माणसं ठरलेल्या वेळी जमू लागली. नियम लिहिले गेले. एका गावचा संघ दुसऱ्या गावी खेळायला जाऊ लागला, कारण दोन्हीकडे वर्तुळ तेवढंच आणि अंतरही तेवढंच. १९४५ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय महासंघ झाला आणि १९५८ मध्ये मार्सेयला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आज एकट्या फ्रान्समध्ये नोंदलेले खेळाडू लाखांत मोजावे लागतात आणि न नोंदता संध्याकाळी झाडाखाली खेळणारे तर कितीतरी अधिक. फ्रेंच माणसं जिथे जिथे गेली तिथे हा खेळ गेला. आपल्या देशात पुदुच्चेरीला तो आहे. १९५४ मध्ये तिथला फ्रेंच अंमल संपला, पण पेटांक गेलं नाही. तिथली तमिळ माणसं, त्यांत फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेलीही होती, संध्याकाळी गोळे घेऊन जमत राहिली. राज्य गेलं आणि खेळ राहिला. ग्वाल्हेरकरांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, हे सगळं फ्रेंचांचं. आपल्याकडे काय? आपल्याकडेही हेच झालं आहे आणि तेही त्याच सुमारास. ‘जिमखाना’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचं मूळ ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूचं घर, असं सांगतात. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना सुरू झाला. बंडोपंत भाजेकर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. आज पुण्यात डेक्कन जिमखाना म्हटलं की लोकांना बसचा थांबा आठवतो, उपाहारगृहं आठवतात, वस्ती आठवते. एका खेळाच्या क्लबवरून अख्ख्या वस्तीला नाव पडलं, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या क्लबनं केलेलं एक काम मला सर्वांत मोठं वाटतं. खो-खो तेव्हाही जुनाच खेळ होता. गावोगाव, शाळाशाळांतून खेळला जायचा. पण गडी किती, मैदान केवढं, डाव किती वेळाचा, हे ज्या त्या गावचं वेगळं. त्यामुळे दोन गावचे संघ समोरासमोर आले, की खेळापेक्षा वाद जास्त. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम लिहून काढले. खेळाला कागद मिळाला. पुढे १९३५ च्या सुमारास अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं ते नियम आणखी नेटके केले. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

खो-खोचं सौंदर्य बघा. दोन खांब, थोडी फक्की, एवढंच सामान. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली, की मागे वळायचं नाही. मधली रेषा ओलांडायची नाही. आणि बसलेल्याला उठवायचं तर मागून, हात लावून आणि तोंडानं ‘खो’ म्हणून. हात आणि शब्द एकदमच. शब्द नाही उच्चारला तर खो नाही. आमच्या बाई शाळेत म्हणायच्या, ‘खो असा द्या की पलीकडच्या वर्गाला ऐकू गेला पाहिजे.’ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ब्राझील, केनिया, इंग्लंड अशा दूरदूरच्या देशांचे संघ आले. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारतानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे. दोन्ही मराठी नावं. आणि तिथे ब्राझीलचा मुलगाही ‘खो’च म्हणत होता. पुण्यातल्या एका क्लबनं कागदावर लिहिलेल्या त्या एका अक्षराचा हा प्रवास आहे.

याच डेक्कन जिमखान्याची दुसरी एक गोष्ट आहे. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली शेतकरी मुलं अनवाणी पळत. त्यांच्या वेळा बघून टाटांच्या लक्षात आलं, की युरोपातल्या धावपटूंच्या तुलनेत ही मुलं फार मागे नाहीत. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून एक लहानसा चमू गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक एका पायरीनं हुकलं. (शिंदे नाव ऐकून काही जणांच्या माना वर झाल्या. हे शिंदे आपल्या संस्थानचे नव्हेत, पण कौतुक करायला हरकत नाही.) पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले तेच दोराबजी टाटा. म्हणजे या देशातल्या ऑलिंपिक चळवळीच्या मुळाशी जे काही आहे, त्यात पुण्यातल्या एका स्थानिक क्लबच्या वार्षिक शर्यती आहेत.

तिकडे वऱ्हाडात, अमरावतीला, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. आखाड्यापासून सुरुवात. त्याच मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि त्यानं तिथे कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. आखाडा अमरावतीचा आणि प्रेक्षक साऱ्या जगाचे.

आता घरी येऊ. ग्वाल्हेरला.

आपलं शहर खेळात कधीच मागे नव्हतं. ज्यांनी १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या एका सामन्यात एकट्यानं दहा गोल केले, ते ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंह आपल्या संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिन तेंडुलकरनं एकदिवसीय सामन्यातलं पुरुषांचं पहिलं द्विशतक केलं. आपल्यापैकी निम्मे लोक त्या दिवशी आपण स्टेडियममध्ये होतो असं सांगतात. तेवढी तिकिटं तरी होती का, हा प्रश्न मी विचारत नाही. १९५७ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं शारीरिक शिक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय इथे सुरू झालं आणि आज ते विद्यापीठाच्या दर्जाला पोहोचलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते मल्लखांबाबद्दल. मल्लखांब पुन्हा उभा केला तो दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी. ब्रह्मावर्ताला लहानग्या मनूनं आणि नानासाहेबांनी ही विद्या शिकली अशी परंपरा आहे. ती मनू पुढे झाशीची राणी झाली आणि तिचा शेवट आपल्या ग्वाल्हेरात झाला. फुलबागेजवळ तिची समाधी आहे. म्हणजे मल्लखांबाशी आपलं नातं नुसतं खेळाचं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबाची प्रात्यक्षिकं झाली. आणि १९६२ मध्ये त्याच राष्ट्रीय स्पर्धांत मल्लखांब पहिल्यांदा रीतसर स्पर्धेचा प्रकार म्हणून आला. कुठे? ग्वाल्हेरला. आपल्या गावात. काही राज्यांचे संघ आले होते. सभागृहातल्या किती तरुणांना हे ठाऊक आहे, हात वर करा. बघा. मला हेच दाखवायचं होतं.

पुढे काय झालं? १९७६ मध्ये मल्लखांब त्या राष्ट्रीय स्पर्धांतून वगळला गेला. एका महासंघाच्या यादीतून एक ओळ गेली आणि बारा-चौदा वर्षांत उभं राहिलेलं काम थांबायची वेळ आली. तो थांबला नाही, कारण उज्जैनच्या जिल्हा मल्लखांब संघटनेतले बामशंकर जोशी आणि त्यांचे सहकारी उठले आणि जानेवारी १९८१ मध्ये त्यांनी उज्जैनला पहिली अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा भरवली. त्यातून पुढे मल्लखांबाचा स्वतंत्र महासंघ उभा राहिला. २०१३ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. आज मल्लखांब म्हटलं, की लोक उज्जैनचं नाव घेतात. रास्तच आहे. मान त्यांचाच. पण मनात प्रश्न येतोच. पहिली स्पर्धा ज्या गावात झाली ते गाव ग्वाल्हेर, आणि खेळ पडला तेव्हा त्याला उचलायला धावलं ते उज्जैन. असं का? कौशल्य आपल्याकडे कमी नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर एवढंच, की उज्जैनला दहा-पाच माणसं रोज संध्याकाळी खांबाला तेल लावायला येत होती. खेळ मोठ्या मैदानावर गाजतो, पण वाचतो तो अशा छोट्या जागी.

आता मागण्याकडे येतो. पण त्याआधी एक गंमत.

विटीदांडू खेळताना मापं मोजायचे शब्द आठवतात का? वकट, लेंड, मूंड, नाल... ज्येष्ठ मंडळी हसताहेत, म्हणजे आठवतात. हे शब्द मराठी नाहीत. ते तेलुगू-कन्नडकडचे आकडे आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कधीतरी, कुणाला आठवत नाही इतक्या पूर्वी, शेजारच्या मुलांकडून ते आपल्या मुलांच्या तोंडी आले आणि पिढ्यान् पिढ्या राहिले. कुणी वर्ग घेतले नाहीत, कुणी परीक्षा घेतली नाही. ज्या मुलाला तेलुगूचा गंधही नाही, ते विटी टोलावता टोलावता तेलुगूत मोजत राहिलं.

हे मी का सांगतो? कारण आपल्या घरांतली मराठी आता कुठे उरली आहे, हे आपण सगळे जाणतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे लष्कर वसलं. दोनशे वर्षं झाली. आजोबांची मराठी ग्वाल्हेरी होती, पण पक्की होती. वडिलांची निम्मी हिंदी झाली. आणि नातवंडं ‘आजी, खाना दे ना’ म्हणतात आणि आजी हिंदीत उत्तर देते. यात कुणाचा दोष नाही. शाळा हिंदी-इंग्रजी, मित्र हिंदी, बाजार हिंदी. आपण मराठीचे वर्ग काढले. पहिल्या आठवड्यात पंचवीस मुलं, चौथ्या आठवड्यात चार. मुलाला शाळेनंतर आणखी एक शाळा नको असते, त्यात त्याचं काय चुकलं?

पण खेळात भाषा आपोआप येते. राज्य कुणावर? डाव कुणाचा? खो! भिडू वाटून घ्या. हा कच्चं लिंबू. टाइम प्लीज. (हा शेवटचा इंग्रजी आहे, पण आपला झालाय.) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. ते ओरडावे लागतात. आणि जो शब्द जोरात ओरडला तो विसरला जात नाही.

म्हणून माझं मागणं असं. आपल्या मंडळाला हे आवार आहे. गणपतीचे दहा दिवस ते भरलेलं असतं. कोजागिरी, हळदीकुंकू, दिवाळी पहाट, एवढे दिवस सोडले तर बाकी वर्षभर इथे काय असतं? स्कूटर. काही चारचाक्या. एक-दोन कुत्री. आठवड्यातून दोन संध्याकाळी हे आवार खेळासाठी मोकळं ठेवा. फक्त दोन.

काय खेळायचं ते मी सुचवतो. मुलांसाठी लंगडी, लगोरी आणि छोट्या मैदानावरचा खो-खो. आणि ज्येष्ठांसाठी, ज्यांचे गुडघे लनुआरसारखे झाले आहेत त्यांच्यासाठी, पाय रोवून खेळायचा हा गोळ्यांचा खेळ. धातूचे गोळे महाग पडत असतील तर खरादीवाल्याकडून लाकडी गोळे करून घेऊ. सुरुवातीला फ्रान्समध्येही लाकडीच होते. सहा ते दहा मीटर जागा इथे सहज आहे, मी परवा पावलांनी मोजून पाहिली. कुणाला वाकायला त्रास होत असेल तर गोळा उचलून द्यायला एक नातू किंवा नात नेमून देऊ. नातवाला काम मिळेल, आजोबांना जोडीदार मिळेल, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला काही विषय मिळेल. ‘तुझा जवळ की माझा?’ हे मराठीतच विचारायचं, एवढा एकच नियम मी जास्तीचा घालीन.

शंका येतील. आल्याच पाहिजेत. मुलांना परीक्षा आहेत, मोबाइल सुटत नाही, गाड्या कुठे लावायच्या, पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची. या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत आणि त्या कार्यकारिणीनं बसून सोडवायच्या आहेत. मी फक्त एवढंच म्हणेन, की या अडचणी ला सिओतातही होत्या, पुण्यातही होत्या आणि उज्जैनलाही होत्या. तिथल्या माणसांनी तीन गोष्टी केल्या. जागा ठरवली, वेळ ठरवली आणि नियम लिहून ठेवले. चौथी गोष्ट अशी, की ठरलेल्या वेळी कुणीतरी एक जण आधी येऊन फक्की टाकत राहिला. नाव नसलेला तो माणूस मला क्लबच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. अध्यक्ष बदलतात, कार्यवाह बदलतात. फक्की टाकणारा एक दिवस आला नाही, की दुसऱ्या दिवशी निम्मे लोक येत नाहीत.

एक वही ठेवू. त्यात पहिल्या संध्याकाळपासून कोण आलं, कोण जिंकलं, काय नियम ठरला, हे लिहीत जाऊ. मराठीत. आपण १९६२ चा ग्वाल्हेरचा मल्लखांब विसरलो याचं एक कारण हेही असेल, की आपल्या घराघरांत त्याची वही नव्हती.

आणि ज्येष्ठ मंडळींना एक विनंती. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसून ‘आमच्या वेळी’ सांगू नका. ते आम्ही ऐकू, जरूर ऐकू, पण डाव झाल्यावर. आधी वर्तुळात या. तिथे तुम्हाला कुणी मुद्दाम जिंकू देणार नाही आणि तुम्हीही आम्हाला जिंकू देऊ नका.

कोजागिरीला महिनाभराचा अवधी आहे. आवार झाडून घ्यायला आणि गोळे करून घ्यायला तेवढा पुरे. कोजागिरीच्या संध्याकाळी, दूध आटायला ठेवलं की, पहिला डाव टाकू. फक्की मी घेऊन येतो. भिडू तुम्ही या.

गणपती बाप्पा मोरया!